विश्लेषण: समुद्र नसलेल्या बुलढाण्याला बंदरातल्या युनियन लीडरशी काय देणंघेणं?

डिजिटल डेस्क, बुलढाणा

शेगाव किंवा मलकापूरहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी आपण सीएसएमटीला उतरतो. बहुतेक जण पुढच्या बाजूने, महापालिकेच्या इमारतीकडे बाहेर पडतात. पण लांब पल्ल्याच्या फलाटांवरून उजेडाच्या दिशेने सरळ पूर्वेला गेलं की जो मोठा, ट्रकांनी भरलेला रस्ता लागतो, त्याचं नाव पी. डिमेलो रोड. आधी हा फ्रिअर रोड होता, मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरच्या नावाचा. नंतर त्याला एका गोदी कामगार नेत्याचं नाव दिलं गेलं.

गव्हर्नरचं नाव काढून युनियन लीडरचं नाव लागावं, एवढं या माणसाने काय केलं होतं? आणि आज, बंदरं खासगी ऑपरेटरकडे जात असताना, त्या प्रकारच्या नेत्याच्या हातात काय उरलंय? देशातल्या मोठ्या बंदरांच्या कामगारांचा सध्याचा वेतन करार ३१ डिसेंबर २०२६ ला संपतोय. त्यामुळे हा प्रश्न जुन्या इतिहासापुरता नाही.

बंदराचा आणि आपला संबंध काय?

आहे, आणि जुना आहे. जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा १८७० मध्ये सुरू झाला तो प्रवाशांच्या सोयीसाठी नाही. खामगाव हे तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या बाजारांपैकी एक होतं आणि इथल्या गाठी मुंबईच्या बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे न्यायच्या होत्या. मुंबईत हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. नाव ऐकून बाग वाटते, पण तो कापसाच्या गाठींचा परिसर. गाठी इकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधायच्या आणि तिकडे गोदीत कोणाच्या तरी पाठीवरून, हुकाला अडकवून जहाजात जायच्या.

आता चित्र अर्धं उलटं झालंय. गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. तेव्हा आपल्याकडच्या बाजारात भावाची जी चर्चा झाली, तिचा दुसरा अंक बंदरातच चालू होता, कारण परदेशी गाठी उतरतात तिथेच. सोयापेंड निर्यात होते बंदरातून. पोटॅश तर देश जवळपास सगळंच बाहेरून आणतो. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला तेव्हा त्याचा एक मोठा मुद्दा हाच सांगितला गेला की विदर्भातला माल जेएनपीएला लवकर पोहोचेल. शेजारी जालन्याला ड्रायपोर्ट उभारलं जातंय.

म्हणजे बंदर बंद पडलं की त्याचा हिशेब थोड्या दिवसांनी आपल्याकडेही येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ही वेळ अगदी जवळ आली होती. त्याकडे नंतर येऊ.

गोदीत युनियन उभी राहिली ती कशातून?

स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं गोदीतलं काम रोजच्या भरवशावर होतं. जहाज लागलं तर काम, नाही लागलं तर नाही. सकाळी गेटवर गर्दी करायची, टोळीवाला किंवा मुकादम बोट दाखवेल तो आत. ज्याने मुकादमाला खूश ठेवलं त्याला बोट दाखवलं जायचं, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर सकाळी सात वाजता जे दिसतं, तेच, फक्त हजारोंच्या संख्येने.

आणि धोका किती, तर १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात शेकडो टन दारूगोळा आणि कापसाच्या हजारो गाठी भरलेल्या होत्या. कापसाला आग लागली, ती दारूगोळ्यापर्यंत गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. गोदीतले कामगार किती गेले, त्यांची नावं मात्र अशी कुठे ठळक नाहीत. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा, हे ठरवणाऱ्या खोलीत तो माल उचलणारा कोणीच नसतो, तेव्हा काय होऊ शकतं, याचं हे टोकाचं उदाहरण.

या पार्श्वभूमीवर १९४८ मध्ये गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा आला आणि १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड स्थापन झालं. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी. कामगारांची नोंदणी झाली, पाळीने काम वाटलं जाऊ लागलं, काम नसलेल्या दिवशी हजेरी भत्ता मिळू लागला. मुकादमाचं बोट गेलं आणि रजिस्टर आलं. हा बदल कागदावर लहान दिसतो. गेटवर रोज उभं राहणाऱ्यासाठी तो सगळं आयुष्य बदलणारा होता.

प्लॅसिड डिमेलो याच काळातले. मंगळूरकडून मुंबईत आलेले, ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियनचे नेते. कायदा कागदावर असतो. तो गोदीत लागू करून घ्यायला संघटनेची ताकद लागते, आणि ती त्यांनी उभी केली. १९५८ मध्ये अगदी तरुण वयात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी जूनमध्ये देशभरातल्या बंदर कामगारांनी संप केला.

संप करणारा माणूस मंडळावर कसा बसला?

इथे गोष्ट बदलते, आणि हाच भाग सहसा सांगितला जात नाही. आपल्याला युनियन लीडर म्हटलं की गेटवरची सभा आणि घोषणा आठवतात. पण बंदरातल्या नेत्याला कायद्याने खुर्ची दिली होती.

मेजर पोर्ट ट्रस्ट कायदा, १९६३. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या बंदरांच्या विश्वस्त मंडळावर अध्यक्ष-उपाध्यक्षांशिवाय जास्तीत जास्त १९ विश्वस्त असू शकत होते. त्यात कामगारांचे किमान दोन असलेच पाहिजेत, आणि त्यांची नेमणूक करण्याआधी केंद्र सरकारने बंदरातल्या नोंदणीकृत युनियनचं मत घेतलंच पाहिजे, असं कायद्यात होतं. मंडळावर बाकी कोण? जहाज कंपन्या, व्यापारी संस्था, कस्टम्स, रेल्वे, संरक्षण, राज्य सरकार.

ही रचना आपल्याला अनोळखी नाही. खामगाव असो की चिखली, बाजार समितीच्या निवडणुकीत १८ संचालक असतात: सेवा सहकारी संस्थांमधून ११, ग्रामपंचायतीतून ४, अडते-व्यापाऱ्यांचे २ आणि हमाल-मापारी मतदारसंघाचा १. तो एक हमालांचा संचालक सभेत काय करू शकतो? एकट्याने ठराव पाडू शकत नाही. पण हमालीचे दर, वजनकाटा, शेड, पिण्याचं पाणी हे विषय तो अजेंड्यावर आणू शकतो, आणि मुख्य म्हणजे बंद दाराआड काय ठरतंय ते त्याला आधी कळतं. बंदरातल्या कामगार विश्वस्ताचं काम याच जातीचं, फक्त पसारा प्रचंड. पगारच नाही, तर कोणती गोदी कोणाला भाड्याने द्यायची, नवी क्रेन घ्यायची का, कामगारांच्या वसाहतींचं काय, वडाळ्याचं बंदराचं हॉस्पिटल कसं चालवायचं, आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची शेकडो एकर जमीन.

डॉ. शांती पटेल हे या प्रकारच्या नेत्याचं ठळक उदाहरण. शिक्षणाने डॉक्टर, छोडो भारत आंदोलनात भाग घेतलेले, पुढे आयुष्यभर मुंबई बंदराच्या कामगारांचं नेतृत्व. बंदराचे विश्वस्त म्हणून काम केलं आणि १९८० ते १९८६ राज्यसभेत महाराष्ट्राचे खासदार होते. २०१४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं. ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियनचे एस. आर. कुलकर्णी आणि मनोहर कोतवाल हे याच पिढीचे.

गोदीतून महापालिकेत

जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण १९७४ चा रेल्वे संप आणि नंतर संरक्षणमंत्री, एवढंच. त्यांची सुरुवात डिमेलो यांच्या हाताखाली, मुंबईच्या गोदीत झाली. त्यानंतर हॉटेल कामगार, टॅक्सीचालक, महापालिकेचे कामगार असं वर्तुळ वाढत गेलं. १९६१ ते १९६८ ते मुंबई महापालिकेत नगरसेवक होते. याच काळात, १९६७ मध्ये, दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांना हरवून ते लोकसभेत गेले. मुंबईवर ज्यांची पकड समजली जायची अशा नेत्याला कामगार वस्त्यांमधून आलेल्या तरुणाने हरवलं.

१९६८ मध्ये त्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली, कारण टॅक्सीचालकाला गाडी घ्यायला कोणी कर्ज देत नव्हतं. हीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तेव्हा शाखांबाहेर रांगा लागल्या, आणि त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. बातमी आमच्या डेस्कवरूनही गेली होती. बँक कोणी आणि कशासाठी काढली होती, ही ओळ तेव्हा आमच्याही बातमीत नव्हती, हे कबूल करायला हवं.

या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते. नेत्याची ताकद मंडळावरच्या खुर्चीतून येत नव्हती. गोदीत हजारो माणसं होती, ती आसपासच्या वस्त्यांमध्ये राहत होती, मतदान करत होती. खुर्ची म्हणजे त्या संख्येची पावती.

याच गोदीचा एक धागा आपल्यापर्यंत आलाय

गोदीच्या भिंतीबाहेर, मशीद बंदर आणि दाणा बंदरच्या बाजारांत, माल डोक्यावर वाहणारे माथाडी होते. त्यांना डॉक लेबर बोर्ड लागू नव्हतं. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्यातली मंडळं ही बरीचशी गोदीच्याच धर्तीवर: मालक, कामगार, सरकार एकत्र, नोंदणी, मंडळामार्फत पगार. अण्णासाहेब विधान परिषदेचे आमदार झाले. मार्च १९८२ मध्ये, मराठा आरक्षणासाठीच्या मोर्चानंतर, त्यांचं निधन झालं.

आज आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर, टेम्पो किंवा डेअरीसाठी व्याज परतावा घेणाऱ्या तरुणांच्या तोंडी 'अण्णासाहेब पाटील महामंडळ' हे नाव रोज असतं. ते महामंडळ १९९८ मध्ये त्यांच्याच नावाने सुरू झालं. कर्जाच्या फायलीवर ज्यांचं नाव आहे ते हमालांचे युनियन लीडर होते, हे माझ्या वर्गमित्रांपैकी फार थोड्यांना माहीत होतं. मलाही ही नोकरी लागेपर्यंत नव्हतं.

मग २०२१ च्या कायद्याने कामगारांची खुर्ची काढली का?

नाही. उलट साधं गणित केलं तर वाढल्यासारखी दिसते.

१९६३ च्या कायद्यात मुंबईसारख्या बंदराचं मंडळ एकूण २१ पर्यंत जायचं, त्यात कामगारांचे किमान २. म्हणजे साधारण साडेनऊ टक्के. मेजर पोर्ट अथॉरिटीज कायदा, २०२१ हा ३ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला. नव्या मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि कस्टम्सचे प्रत्येकी एक, केंद्राचा एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कर्मचाऱ्यांचे २. सगळे मिळून ११ ते १३. म्हणजे कामगारांचा वाटा पंधरा ते अठरा टक्क्यांवर गेला. जहाज कंपन्या आणि व्यापारी संस्थांच्या राखीव जागा गेल्या, कामगारांच्या राहिल्या.

इंजिनीअरिंगच्या पेपरात हे उत्तर दिलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. पण टक्केवारी कशाची, हा प्रश्न त्यात सुटतो.

बंदर चालवण्याची पद्धतच बदलली आहे. आता बहुतेक मोठी बंदरं घरमालकासारखी चालतात: जमीन, पाणी, धक्का बंदर प्राधिकरणाचा, क्रेन, यार्ड आणि माणसं खासगी टर्मिनल ऑपरेटरची. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल नव्वदच्या दशकात तिथेच आलं. ज्या कंटेनरसाठी पूर्वी टोळ्याच्या टोळ्या लागल्या असत्या, तो आता एक क्रेन ऑपरेटर उचलतो, आणि तो ऑपरेटर बहुतेक वेळा बंदर प्राधिकरणाचा कर्मचारी नसतो. कायद्यातले दोन सदस्य मात्र 'बंदर प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांचे' आहेत. खासगी टर्मिनलवरचा कामगार, कंटेनर यार्डातला कंत्राटी मजूर, गेटबाहेर ट्रेलर घेऊन रात्रभर थांबलेला ड्रायव्हर यांच्यासाठी त्या टेबलावर वेगळी खुर्ची नाही.

मुंबई बंदरात तर आज कामावर असलेल्यांपेक्षा निवृत्तिवेतन घेणारे कित्येक पट जास्त आहेत. डॉक लेबर बोर्ड १९९४ मध्येच बंदरात विलीन झालं. ज्या संख्येची पावती म्हणून खुर्ची होती, ती संख्याच आटली. खुर्च्या दोनच्या दोन आहेत, पण खोलीबाहेर उभे असलेले हजारो कुठे आहेत?

नेत्यांचं काही चुकलं नाही का?

चुकलं. गोदीत 'स्पीड मनी' दिल्याशिवाय माल हलत नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रार कित्येक वर्षं होती आणि ती खोटी नव्हती. कंटेनर आल्यावरही एका टोळीत किती माणसं हवीत, याचे जुने आकडे युनियनने फार काळ धरून ठेवले. काम कमी आणि हजेरी पूर्ण, असंही झालं. त्यामुळे खासगी टर्मिनल आली तेव्हा सामान्य माणसाची सहानुभूती युनियनकडे नव्हती. सगळ्यात मोठी चूक माझ्या मते वेगळी आहे. नोंदणीकृत कामगाराचं भलं करताना शेजारी वाढत चाललेल्या कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्यात युनियन मागे राहिल्या. आज त्यांची संख्या कमी दिसते, त्याचं एक कारण यंत्र आहे, पण एकमेव नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन म्हणजे देशातल्या सर्वात महागड्या जमिनींपैकी एक. २०१८ मध्ये राज्य सरकारने या जमिनीच्या नियोजनाचे अधिकार बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून दिले. तिथे काय बांधायचं, वसाहतींमधल्या कुटुंबांचं काय, हॉस्पिटल राहणार का, हे प्रश्न आता बंदराच्या टेबलावर ठरतात. त्या टेबलावर 'इथे राहणाऱ्यांचं काय' हे विचारणारं कोणीतरी असणं, ही शहराची गरज आहे, फक्त कामगारांची नाही.

आता पुढे काय?

आधी २०२४ कडे परत जाऊ. बंदर कामगारांचा आधीचा वेतन करार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला होता. नव्या करारासाठी बोलणी रेंगाळत गेली. शेवटी कामगार महासंघांनी एकत्र येऊन २८ ऑगस्ट २०२४ पासून बेमुदत संपाची हाक दिली. आदल्या दिवशी, २७ ऑगस्टला, दिल्लीत समझोता झाला: साडेआठ टक्के फिटमेंट आणि १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२६ असा पाच वर्षांचा करार. संप टळला. पण करार होईपर्यंत त्याच्या मुदतीतले बत्तीस महिने निघून गेले होते.

यावेळी बोलणी नव्या नियमांत होतील. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार ज्या युनियनकडे ५१ टक्के सभासद आहेत तीच मालकाशी बोलणारी एकमेव युनियन. तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनची वाटाघाटी परिषद. बंदरात पाच-सहा युनियन असण्याची जुनी सवय आहे. लहान युनियनच्या नेत्याला आता एकतर मोठ्यात सामील व्हावं लागेल किंवा बाहेर बसावं लागेल. संपासाठी किमान १४ दिवसांची नोटीस लागेल, अर्थात बंदरांना पूर्वसूचनेचं बंधन जुन्या कायद्यातही होतंच.

आणि वाढवण. पालघर जिल्ह्यातल्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ ला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. जेएनपीएचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६ टक्के. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, म्हणजे टळलेल्या संपानंतर तीनच दिवसांनी. स्थानिक मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासून आहे. हे बंदर स्वतंत्र कंपनी उभारून बांधलं जातंय. तमिळनाडूतलं कामराजर बंदर असंच कंपनी कायद्याखाली चालतं आणि म्हणूनच २०२१ च्या कायद्यातल्या बंदरांच्या यादीत ते नाही. वाढवणही त्याच वाटेने चाललं, तर कामगारांच्या दोन राखीव खुर्च्यांचा नियम तिथे आपोआप लागू होणार नाही. मच्छीमारांसाठी तर अशी खुर्ची जुन्या कायद्यातही नव्हती.

आपल्या जिल्ह्यातले तरुण वाढवणच्या नोकऱ्यांच्या जाहिराती आत्तापासून विचारतायत. डेस्कला त्याचे मेसेज येतात: 'पॉलिटेक्निक झालंय, क्रेन ऑपरेटरचा कोर्स करू का?' कोर्स कुठला करावा हे सांगता येईल. पण नेमणूकपत्रावर कोणाची सही असेल, बंदर प्राधिकरणाची, टर्मिनल कंपनीची की लेबर कॉन्ट्रॅक्टरची, हे रुजू होण्याआधी वाचून घ्या. तुमच्या वतीने कोणाला त्या खोलीत जाता येईल की नाही, ते त्या सहीवर ठरतं.